हे शिकाऊ पोर कोणाचं?

सकाळी सातच्या सुमारास हिंगणा टी पॉइंटला उभं राहिलं की नागपूरची एक वेगळीच शाळा भरताना दिसते. पाठीवर सॅक, हातात डबा, पायात घरच्याच चपला. कोणी आपली बसची वाट बघतंय, कोणी ऑटोवाल्याशी दहा रुपयांवरून हुज्जत घालतंय. सोळा ते एकवीस वयाची ही मुलंमुली एमआयडीसीत निघालेली असतात. 'काय करतो रे?' असं विचारलं तर 'नोकरी करतो' असं कोणी म्हणत नाही आणि 'शिकतो' असंही कोणी म्हणत नाही. 'अप्रेंटिसला आहे', 'ट्रेनिंगवर आहे', 'सहा महिन्यांसाठी लागलोय' अशी उत्तरं येतात.

शाळेच्या हजेरीपटावरून नाव गेलंय, कंपनीच्या मस्टरवर ते अजून पुरतं चढलेलं नाही. या मधल्या वर्ष-दोन वर्षांत त्या पोराला काही झालं, तर ते कोणाचं? शाळेचं, संस्थेचं, ठेकेदाराचं, कंपनीचं, की फक्त त्याच्या मायबापाचं? नागपूरकरांनी या प्रश्नाचं उत्तर आता द्यायला हवं. ते आपण दिलं नाही, तर एक चांगली वाट आपल्या डोळ्यांसमोर बंद होईल.

ती वाट कोणती, हे आधी बघू. दहावीला गणित-इंग्रजीत अडकलेला मुलगा आणि बापाच्या आजारपणात शाळा सुटलेली मुलगी, या दोघांसाठी ती आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून बोर्डाची परीक्षा देता येते. मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी करता येते. आयटीआयचं दार चौदा वर्षं पूर्ण झाली की उघडतं; वेल्डरला तर आठवी पास चालते आणि वर्षभरात प्रमाणपत्र हातात पडतं. श्रद्धानंद पेठेतल्या सरकारी आयटीआयने कितीतरी घरांना पहिला पगार दाखवलाय. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांना अशी मुलं शिकायला घेण्याची जबाबदारी दिली. २०२४मध्ये त्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची भर पडली: बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन. त्याच वर्षी केंद्रानेही मोठ्या ५०० कंपन्यांमध्ये पाच वर्षांत एक कोटी तरुणांना इंटर्नशिप देण्याची योजना जाहीर केली. २०२०चं शैक्षणिक धोरण तर सहावी ते आठवीच्या मुलांनाही दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली बसवा म्हणतं. पूर्वी पायवाट असलेली ही वाट आता हमरस्ता होऊ घातली आहे.

नागपूरने तर अशी वाट फुटबॉलमधूनही काढून दाखवली. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना मैदानावर आणलं, त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं आणि २०२२मध्ये नागराज मंजुळेंच्या 'झुंड'ने ती गोष्ट सगळ्यांपर्यंत नेली. चित्रपट पाहून आपण टाळ्या वाजवल्या त्या गोलला. पण त्या गोष्टीचं मर्म गोलमध्ये नव्हतं. त्या पोरांसाठी एक मोठं माणूस मैदानावर उभं होतं, कोण आलं नाही हे त्याच्या लक्षात येत होतं आणि का आलं नाही हे विचारायला ते वस्तीत जात होतं. वर्गाबाहेरच्या शिक्षणाला भिंती नसतात. तिथे भिंतीचं काम माणसालाच करावं लागतं.

हेच माणूस आज आपल्या शिकाऊ मुलांच्या आयुष्यातून गायब आहे.

अमरावती रोडवर बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ला नऊ जण गेले. त्यात सहा बाया होत्या. सहा महिनेही झाले नव्हते, तर १३ जून २०२४ला त्याच रस्त्यावर धामण्याच्या कारखान्यात स्फोट झाला. गेलेल्यांत विशी-बाविशीतल्या मुली होत्या. २४ जानेवारी २०२५ला शेजारच्या भंडाऱ्यात, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठ जण गेले. एप्रिल २०२५मध्ये उमरेडच्या एमआयडीसीत ॲल्युमिनियमच्या कारखान्यात पुन्हा स्फोट. हे सारं घडतं त्या नागपूरच्या पंचक्रोशीत, जिथे सेमिनरी हिल्सवर देशभरातल्या स्फोटकांना परवाने देणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय आहे आणि जिथल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातून देशभरचे अग्निशमन अधिकारी तयार होतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

यातली बहुतेक माणसं शिकाऊ नव्हती, कामावरची होती, हे मान्य. पण ज्या गावांतून ती कामाला जात होती त्याच गावांतून आमची शिकाऊ मुलंही निघतात, त्याच गाड्यांतून जातात, त्याच फाटकांतून आत शिरतात. स्फोट झाला की आठवडाभर पुढारी येतात, मदत जाहीर होते, चौकशी बसते. त्यानंतर घरोघरी जो निर्णय होतो त्याची बातमी होत नाही. 'पोरीला आता कंपनीत नाही पाठवायचं, स्थळ बघू.' एका अपघातात एक जीव जातो आणि आसपासच्या कितीतरी मुलींची वाट बंद होते.

आणि स्फोटच व्हायला हवा असं कुठे आहे? प्रेसवर बोटाचं एक पेर जातं, त्याची नोंद 'स्वतःच्या चुकीमुळे' अशी होते. मे महिन्यात पारा ४५च्या वर असताना पत्र्याच्या शेडखाली वेल्डिंग करणाऱ्या पोराला चक्कर येते, त्याला बाजूला बसवून लिंबूपाणी देतात आणि अर्ध्या तासात पुन्हा उभं करतात. फिटरची उमेदवारी करायला गेलेला मुलगा वर्षभर गाड्या उतरवतो आणि चहा आणतो. मुलीला सुपरवायझर रात्री मेसेज करू लागतो. तिने उत्तर दिलं नाही की तिचा लॉगबुकवरचा शेरा अडतो. प्रमाणपत्र त्याच्या सहीवर अवलंबून असतं, हे तिला ठाऊक असतं आणि त्याला तर असतंच. ती घरी सांगत नाही, कारण घरी सांगितलं तर काम सुटणार. संस्थेत सांगत नाही, कारण 'कंपनीवाल्यांशी आमचे संबंध बिघडतील' हे वाक्य तिने तिथे ऐकलेलं असतं. मग ती एक दिवस जाणं बंद करते. कागदावर तिच्या नावापुढे एवढंच लिहिलं जातं: 'सोडून गेली'.

कायदा नाही, असं कोणी म्हणू नये. कायदा आहे आणि बराच आहे. शिकाऊ उमेदवार कायदा म्हणतो की चौदा वर्षांखालच्या मुलाला उमेदवारीला घेता येणार नाही आणि धोक्याच्या उद्योगांतल्या कामाला अठरा पूर्ण हवीत. मूल सज्ञान नसेल तर करारावर पालकाची सही लागते. आरोग्य आणि सुरक्षेचे कारखान्याचे नियम शिकाऊ मुलाला कामगारासारखेच लागू होतात. कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची असते. शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या मंजुरीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. २०१६च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदाही सांगतो की चौदा ते अठराच्या मुलांना खाणी, स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रियांपासून लांब ठेवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार यांना नाव घेऊन संरक्षण देतो. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान कारखान्यातल्या मुलीसाठी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं आणि पोलिसांना सांगितलं नाही, तर पॉक्सो कायद्याने तो गुन्हा ठरतो. संस्थेच्या प्रमुखाने लपवलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

मग घोडं अडतं कुठे? अडतं ते त्याच १९६१च्या कायद्यातल्या एका वाक्यापाशी. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. हेतू चांगला होता: शिकणाऱ्याकडे शिकणारा म्हणूनच पाहावं. व्यवहारात त्याचा अर्थ झाला, 'तो आमचा नाही.' युनियन म्हणते, आमचा सभासद नाही. कंपनी म्हणते, आमच्या रोलवर नाही. संस्था म्हणते, आता तो कंपनीत आहे. मुक्त विद्यालयाच्या किंवा सतरा नंबरवाल्या पोराचं तर आणखी अवघड. बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झाल्यावर २१ ऑगस्ट २०२४ला राज्य सरकारने शाळांसाठी सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी, तक्रारपेटी, समित्या असे आदेश काढले. चांगलं केलं. पण ज्या मुलाची शाळा म्हणजे दिवसा गॅरेज आणि संध्याकाळी एखाद्याच्या ओसरीवरचा क्लास, त्याने चिठ्ठी कोणत्या पेटीत टाकायची?

या प्रश्नाची जाण आपल्याच भागात, नागपूरपासून दीड-दोन तासांवर, फार पूर्वी दाखवली गेली होती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण, ही 'नई तालीम'ची कल्पना तिथे देशासमोर आली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ती समिती या कल्पनेची पाठराखी होती. तरीही तिने आपल्या अहवालात धोक्याची सूचना लिहून ठेवली: कमाईच्या बाजूवर जास्त भर दिला तर शिक्षण मागे पडेल आणि मुलांकडून जास्तीत जास्त श्रम काढून घेण्याकडेच लक्ष जाईल. ज्यांना ही वाट हवी होती त्यांनीच तिच्यातला खड्डा दाखवला. सेवाग्रामच्या शाळेत मूल तकलीवर बसलं की शिक्षकही शेजारी बसत असे. काम आणि शिक्षण एकाच नजरेखाली होतं. आपण त्याचे दोन तुकडे केले. थिअरी एकीकडे, प्रॅक्टिकल दुसरीकडे, आणि नजर कुठेच नाही.

म्हणून आमची मागणी नव्या कायद्याची नाही, नव्या महामंडळाची तर नाहीच. मागणी एका कागदाची आणि दोन माणसांची आहे.

प्रत्येक शिकाऊ मुलामुलीच्या हातात पहिल्या दिवशी मराठीत लिहिलेला एक कागद पडावा, आणि त्याचीच प्रत घरी जावी. त्यावर संस्थेतल्या एका माणसाचं नाव आणि नंबर असावा, कंपनीतल्या एका माणसाचं नाव आणि नंबर असावा. विभाग नको, पदनाम नको, माणसाचं नाव. कोणत्या यंत्राला हात लावायचा आणि कोणत्या यंत्राच्या जवळही जायचं नाही, हे लिहिलेलं असावं. शिफ्ट किती वाजता सुटते आणि सुटल्यावर पोरगी घरी कशी जाणार, हे लिहिलेलं असावं. मेट्रो एका बाजूला लोकमान्य नगरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला खापरीपर्यंत जाते. बुटीबोरीहून रात्री निघालेल्या मुलीला तिचा काय उपयोग? लागलं-खुपलं तर कोणत्या दवाखान्यात न्यायचं आणि तक्रार कोणत्या समितीकडे करायची, हेही त्याच कागदावर हवं. आणि संस्थेतल्या त्या माणसाने पहिल्या आठवड्यात एकदा, मग दर महिन्याला एकदा कंपनीत जाऊन त्या मुलाशी सुपरवायझरच्या माघारी दहा मिनिटं बोलावं. एवढंच.

कोणी काय करायचं, तेही सांगतो.

हिंगण्याची एमआयडीसी इंडस्ट्रीज असोसिएशन, बुटीबोरी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन: तुम्ही कुशल कामगार मिळत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं तक्रार करता आणि ती खरी आहे. कुशल कामगार आभाळातून पडत नाही, तो तुमच्याच शेडमध्ये घडतो. तो कागद तुमच्या सभासदांसाठी सक्तीचा करा. शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी बूट, हातमोजे आणि चष्मा द्या. 'पर्मनंट झाल्यावर मिळेल' हे बंद करा. यंत्र काही पर्मनंट आणि शिकाऊ बोट यांत फरक करत नाही.

आयटीआयचे प्राचार्य, मुक्त विद्यालयांची केंद्रं आणि वस्त्यांत काम करणाऱ्या संस्था यांना: मूल कंपनीत पोहोचवलं म्हणजे तुमचं काम संपत नाही. प्लेसमेंटचा आकडा सांगताना किती जण मध्येच सोडून गेले आणि का गेले, हेही सांगा. गेलेल्याच्या घरी एकदा जाऊन या. 'संबंध बिघडतील' म्हणून गप्प बसलात, तर बिघडायचं ते पोरीच्या आयुष्यातच बिघडेल.

जिल्हा प्रशासनाला: स्थानिक समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्या पाट्या कार्यालयाच्या जिन्यात आहेत; त्या एमआयडीसीच्या फाटकांवर, आपली बसच्या थांब्यांवर लावा. आधारवर वय वाढवून आलेली मुलं फाटकातून आत जाताना तुमचा निरीक्षक तिथे एकदा तरी उभा राहू द्या.

अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून, रेल्वेतून, वेकोलितून, वीज मंडळातून निवृत्त झालेल्या काकांना: या शहरात तुमच्यासारखी अनुभवी माणसं मोहल्ल्यामोहल्ल्यात आहेत. गार्ड नसलेली प्रेस तुम्हाला वीस फुटांवरून ओळखता येते. महिन्यातली एक सकाळ द्या, पाच मुलांचे पालक व्हा. संस्थांकडे माणूस नाही ही सबब तुम्हीच खोडू शकता.

आईवडिलांना: विद्यावेतन किती, हे विचारायच्या आधी काम कुठे आणि कोणाच्या हाताखाली, हे विचारा. कराराच्या कागदावर न वाचता सही करू नका. पोरगी अचानक 'जात नाही' म्हणाली तर रागावण्याआधी ऐकून घ्या.

आणि तुम्हा मुलामुलींना: शिकायला आलोय म्हणजे सोसायला आलोय असं नाही. जे यंत्र शिकवलं नाही ते चालवायला नकार देणं हा उर्मटपणा नाही. छळाची तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी करायची असते, हे लक्षात ठेवा. वय अठराच्या आत असेल तर १०९८ हा नंबर तुमच्याचसाठी आहे. तातडीची वेळ आली तर कोणत्याही वयात ११२.

यावर एक आक्षेप हमखास येतो: 'एवढी कटकट लावली तर कंपन्या पोरांना घेणारच नाहीत.' हा आक्षेप नवा नाही. १८७७मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा देशात कारखाना कायदाच नव्हता. १८८१मध्ये पहिला कायदा आला तो इतका लेचापेचा की सात वर्षांच्या मुलाला दिवसाचे नऊ तास राबवायला त्याची हरकत नव्हती. तेवढ्यालाही विरोध झाला. गिरण्या बुडतील म्हणाले. गिरण्या बुडाल्या नाहीत. एम्प्रेस मिल त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त चालली आणि ती बंद पडली त्याची कारणं वेगळीच होती. जो कारखाना एक कागद लिहायला आणि एका माणसाचं नाव द्यायला तयार नाही, त्याने आमची पोरं न घेतलेलीच बरी. बाकीच्यांना मात्र याचा फायदाच आहे: ज्या फाटकावर विश्वास आहे, त्या फाटकाकडे आया आपणहून मुली पाठवतील.

ही वाट वाचवायची असेल तर तिच्यावरून चालणारं पोर आधी वाचायला हवं. ऑगस्टमध्ये आयटीआयची नवी तुकडी वर्गात बसेल, जुनी कारखान्यांत जाईल. त्याआधी हे करता येण्यासारखं आहे. त्याला पैसे लागत नाहीत, शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही.

तुमच्या घरात, गल्लीत किंवा कामवाल्या ताईंच्या घरी असं एक शिकाऊ पोर असेलच. आज संध्याकाळी ते परत आलं की त्याला एवढंच विचारा, 'तुला काही झालं तर फोन कोणाला करायचा, ते तुझ्या कागदावर लिहिलंय का?' लिहिलं नसेल, तर तुमचा नंबर लिहून द्या. आणि उद्या सकाळी त्याच्या संस्थेत जाऊन, तिथे कोणाचा नंबर असायला हवा होता, ते विचारा.